एकोणतीसचा पाढा

अम्मा ऑपरेशन थिएटरच्या दारात मांडी घालून बसली होती आणि मी तिच्यासमोर चाकांच्या खाटेवर पोट धरून पडले होते. दोघींमध्ये जेमतेम हातभर अंतर होतं. तिला ओलांडल्याशिवाय खाट आत जात नव्हती आणि ती काही केल्या उठत नव्हती.

"न्यायचंच असेल तर माझ्या अंगावरून न्या," ती वॉर्डबॉयला म्हणाली.

वॉर्डबॉय बिचारा नांदेडचा. भांडखोर नातेवाईक त्यानं पुष्कळ पाहिले असतील. पण ही बाई ओरडत नव्हती, रडत नव्हती, शिव्या देत नव्हती. पदर खोचून, वाती वळायला बसावं तशी बसली होती. अशा बाईचं काय करायचं ते त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. तो खाटेची दांडी धरून नुसता उभा राहिला.

"अम्मा, ऊठ," मी म्हणाले. "मला आत जायचंय."

"जायचं नाही."

"मग इथंच मरू का?"

तिनं मांडी आणखी घट्ट घातली.

आम्ही धर्माबादचे. तिथल्या मिरचीच्या बाजारात नान्नांची, म्हणजे माझ्या वडिलांची, अडत होती. आम्ही जातीनं कोमटी. घरात तेलुगू, दुकानात मराठी आणि दोन्हीकडे शिंका, असा आमचा संसार. मी तेव्हा पंचविशीच्या आतली होते, गावातल्याच मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. दहावीच्या वर्गात उंच आणि बुटक्या वाटाण्यांची आनुवंशिकता पोरींकडून घोकून घ्यायची, आणि घरी येऊन अम्मानं दिलेला ओव्याचा काढा निमूट प्यायचा. पोट दुखायचं, फुगायचं, पुन्हा बसायचं. डॉक्टरकडे जाते म्हटलं की घरात काहीतरी निघायचंच. कधी मिरचीची आवक, कधी श्रावण, कधी पाहुणे.

कारण आमच्या घरात ऑपरेशन हा शब्दच चालत नव्हता. धाकटे काका हर्नियाला पट्टा बांधून म्हातारे झाले. आत्याला मोतीबिंदूनं दिसेनासं झालं तरी तिनं डोळ्याला कुणाला हात लावू दिला नाही. का, असं विचारलं की मोठी माणसं म्हणत, आपल्याला शस्त्र सोसत नाही. शस्त्र कुणाला सोसतं, असं मी एकदा उलट विचारलं होतं, तेव्हा नान्ना ताटावरून उठून गेले होते. मी पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवशी सकाळी मी शाळेत फळ्यापाशीच खाली बसले. ओकाऱ्या थांबेनात. मुख्याध्यापकबाईंनी कुणाची परवानगी न घेता मला जीपमध्ये घालून नांदेडला आणलं आणि घरी निरोप धाडला. सर्जननी पोटाला हात लावला आणि तोंड वाकडं केलं. अंडाशयावर चांगली पपईएवढी गाठ होती आणि तिला पीळ बसला होता. रक्त थांबलं होतं, गाठ आतल्या आत सडायला लागली होती. ते म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबलात तर मग माझ्याकडे येऊ नका. मी म्हटलं, आत्ता घ्या. सही कुठं करायची तेवढं सांगा.

ठरलं होतं सगळं. भूल देणाऱ्या बाई येऊन गेल्या होत्या. डॉक्टर नुसरत काझी, माझ्याहून सहासात वर्षांनी मोठ्या असतील. हळू बोलायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत नजर हटवायच्या नाहीत. तोवर नान्ना आणि अम्मा येऊन पोचले होते. बाईंनी विचारलं, घरात कुणाचं ऑपरेशन झालंय का, कुणाला भुलीचा काही त्रास? नान्ना म्हणाले, नाही, कुणाचंच नाही. मीही नाहीच म्हटलं, आणि मी काही खोटं बोलत नव्हते. मग अम्मा कुठं गेली म्हणून बघतो, तर ती ही अशी दारात.

सर्जन बाहेर आले आणि भडकले. त्यांचं बरोबरच होतं. म्हणाले, या बाईला उचला. नान्ना कानकोंडे होऊन भिंतीला टेकले होते; डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली होती. ते म्हणाले, "साहेब, अडाणी आहे ती. घाबरलीय, दुसरं काही नाही." मग तेलुगूत अम्माला हळूच म्हणाले, चार लोकांत तमाशा करू नकोस, लग्नाची पोर आहे.

पोटात पुन्हा कळ आली. माझा तोल गेला. मी कोपरावर उठून तिला म्हटलं, "अम्मा, तू नाही उठलीस ना, तर मी रांगत तुझ्यावरून जाईन. आणि मेले तर तुझ्या हट्टानं मेले असं सगळ्यांना सांगून मरेन."

असं आईला बोलायचं नसतं हे मलाही कळत होतं. पण जगायचं तर होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती उठेल.

"तो पण असाच आत गेलता," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, म्हणजे सगळ्यांना कळावं म्हणून.

"कोण?" मी विचारलं.

"नरसू."

नान्नांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

नरसू म्हणजे माझा थोरला भाऊ, नरसिमलू. मी पाचेक वर्षांची असताना तो गेला. ताप डोक्यात गेला, असं मला सांगितलेलं. त्याचा फोटोसुद्धा घरात लावलेला नव्हता. त्याचं नाव अम्माच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

डॉक्टर नुसरत आतून आल्या होत्या. हिरवे कपडे, डोक्याला बांधलेलं फडकं. त्यांनी सर्जनना हातानंच थांबवलं आणि त्या सरळ अम्मासमोर फरशीवर उकिडव्या बसल्या. म्हणाल्या, "मावशी, काय झालं होतं ते सांगा. पटकन सांगा, पण सगळं सांगा."

आणि अम्मानं सांगितलं. इतकी वर्षं गप्प बसलेलं माणूस बोलायला लागलं की फार बोलतं असं म्हणतात. ती फार बोलली नाही. पाठ असल्यासारखं बोलली.

"पोटात दुखायलं म्हणून गावातल्या डॉक्टरकडं नेलं. अपेंडिस म्हणले. ऑपरेशन चांगलं झालं मॅडम, टाके घातले, झालं म्हणले. पण लेकरू श्वासच घेईना. अंग ऊन, नाडी चालायली, अन् श्वास नाही. डॉक्टर रबराचा फुगा दाबायले. लई वेळ दाबले. मग नांदेडला न्यायचं म्हणले. जीपमधी त्याचं डोकं माझ्या मांडीवर. सरळ धर, हलू देऊ नको म्हणले, मी दोन्ही हातांनी सरळ धरलं. ते फुगा दाबायलेच होते. नरसूचे डोळे अर्धे उघडे. डोळ्यांतून पाणी आलं. मी पुसलं. परत आलं."

तिनं पदर पुन्हा खोचला.

"तो जागी होता मॅडम. मी तवाच सांगितलं. कुणी ऐकलं नाही. वाटेत उमरीच्या पुढं डॉक्टरला नाडी लागंना. हे म्हणले," आणि तिनं नान्नांकडे न बघता हात केला, "गेला तो, गाडी फिरवा. अन् गाडी फिरवली."

"भ्रम झालाय तिला," नान्ना म्हणाले. "पोर गेलं की आईला असंच वाटतं. डोळे उघडे राहिले तर पाणी येणारच. सगळे डॉक्टर हेच म्हणाले."

डॉक्टर नुसरत उठल्या नाहीत. त्यांनी नान्नांना विचारलं, "काका, तुमचं आडनाव चिंतलवार. कोमटी ना तुम्ही?"

नान्ना ताठ झाले. इथं जातीचा काय संबंध, असं म्हणणार होते, पण म्हणाले फक्त, "हो."

"आणि तुम्ही दोघं लग्नाआधी एकमेकांचे कोण?"

"मी तिचा मामा," नान्ना म्हणाले. "आमच्यात चालतं."

"चालतं, मला माहीत आहे. मी हैदराबादला शिकले." मग त्या उठल्या, सर्जनना बाजूला घेऊन गेल्या. दोघांची चांगलीच जुंपली. सर्जन म्हणत होते की गाठ मोठी आहे, पूर्ण भूल दिल्याशिवाय मला नीट काम करता येणार नाही. बाई काय म्हणत होत्या ते ऐकू येत नव्हतं, पण त्या मागं सरत नव्हत्या एवढं दिसत होतं. एका दुपारी मी तीन हट्टी बायका एका दारात बघितल्या, आणि त्यातली एक मी होते.

शेवटी बाई आल्या. म्हणाल्या, "पूर्ण भूल द्यायची नाही. पाठीत सुई देईन, छातीखाली बधिर होईल. ही जागी राहील, बोलत राहील. मला एक शंका आहे, ती नंतर सांगते. आधी थोडं रक्त काढून घेते." आणि अम्माला म्हणाल्या, "मावशी, माझ्यावर विश्वास ठेवाल?"

अम्मानं विचार केला. विश्वास वगैरे शब्दांवर तिचा विश्वास नव्हता.

"बोलत राहील म्हणता. मला बाहेर ऐकू यायला पायजे."

"दार किंचित उघडं ठेवू."

"काय बोलंल?"

"काहीही बोलेल."

"काहीही नको," अम्मा म्हणाली. "बडबड तर भ्रमातलं माणूस पण करतं. पाढे म्हणू द्या. चुकली तर मला कळंल."

सर्जननी कपाळाला हात लावला. पण तो हात धुतलेला नव्हता म्हणून चाललं. अम्मा उठली. माझ्या खाटेच्या कडेला आली, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि तेलुगूत म्हणाली, थांबायचं नाही. मी म्हटलं, नाही थांबत.

हे पाढ्यांचं नवख्याला विचित्र वाटेल. आमच्या घरात लेकरू बोलायला लागलं की देवाच्या श्लोकाआधी पाढे. पावकी, निमकी, दिडकी अम्माला झोपेतही यायची. अडतीवर नान्ना कागद-पेन्सिल शोधेपर्यंत ती चुलीपासून हिशोब ओरडून मोकळी व्हायची. मी विज्ञानाची पदवी घेतली तरी तिच्या लेखी माझं गणित कच्चंच होतं, कारण मला एकोणतीसचा पाढा कधी आला नाही.

पाठीत सुई गेली. पाय माझे राहिले नाहीत. छातीसमोर हिरवा पडदा धरला गेला आणि डॉक्टर नुसरत माझ्या डोक्याशी स्टूल घेऊन बसल्या. "सुरू करा," त्या म्हणाल्या. मी बे एके बे पासून सुरुवात केली.

सांगायला सोपं वाटतं. पोटावर कुणीतरी काम करतंय, दुखत नाही पण ओढल्याचं कळतंय, हत्यारं थाळीत पडल्याचा आवाज येतोय, आणि आपण घसा खरवडून म्हणतोय, बारा चोक अठ्ठेचाळीस. बारापर्यंत मजेत गेले. मग गाठ वर उचलली तेव्हा जीव घाबरला, पोटातून सगळं वर येईल असं झालं. मला गप्प व्हावंसं वाटलं. गप्प होणं किती सोपं आहे ते मला तिथं कळलं. पण दाराच्या फटीतून अम्माच्या बांगड्या वाजत होत्या. माझा आवाज खाली गेला की त्या वाजायच्या. मी दात आवळून तेरा, चौदा, पंधरा केले. सर्जनही मध्येच पुटपुटत होते. मला वाटलं चिडलेत, पण नुसरतबाई नंतर म्हणाल्या की तेही मनातल्या मनात म्हणत होते.

अठ्ठावीस संपला. एकोणतीसला मी जपून हात घातला. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर, इथवर आले. एकोणतीस सत्ते दोनशे तेरा.

दारावर थाप बसली. "मॅडम, चुकली! बघा तिला काय झालं!"

नुसरतबाई ताडकन उभ्या राहिल्या, माझ्या डोळ्यांत बघितलं, नाडी धरली. मी होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "अम्मा, मला एकोणतीसचा येतच नाही!"

बाहेरून अम्माचा आवाज आला, "दोनशे तीन. म्हण."

"दोनशे तीन," मी म्हटलं. आतले सगळे हसले. सर्जनही हसले आणि म्हणाले, बाई, आता हसवू नका, टाके घालतोय.

अशी मी वाचले. खाटेवरून बाहेर आले तेव्हा अम्मा उभी होती. तिनं माझ्या नाकासमोर हाताची मागची बाजू धरली, श्वास लागतोय का बघितलं, आणि मग पहिल्यांदा तिला रडू आलं. नान्ना लांब बाकावर बसून होते. ते जवळ आले नाहीत.

रक्त हैदराबादला पाठवलं होतं. टाके काढायच्या दिवशी त्याचा निकाल आला. डॉक्टर नुसरत खोलीत आल्या, दार लावलं आणि खुर्ची ओढून बसल्या. नान्ना खिडकीशी उभे होते, अम्मा माझ्या पायाशी बसलेली. बाई मला म्हणाल्या, तुम्ही विज्ञान शिकवता, तुम्हाला सांगते, तुम्ही यांना सांगा.

गोष्ट अशी होती. माणसाच्या रक्तात एक प्रथिन असतं. त्याचं नाव मालगाडीसारखं लांबलचक आहे, ब्यूटिरिलकोलिनएस्टरेज. ते यकृत बनवतं, आणि ते कसं बनवायचं याची कृती एका जनुकात असते. तिची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर ते प्रथिन तयारच होत नाही, किंवा झालं तरी बिनकामाचं. गंमत म्हणजे रोजच्या जगण्यात त्यावाचून काही अडत नाही. माणूस खातो, पितो, पाढे म्हणतो, म्हातारा होतो. अडतं एकाच ठिकाणी. पूर्ण भूल देताना घशात नळी घालायची असते, त्यासाठी अंगातले सगळे स्नायू ढिले करणारं एक औषध देतात. हे प्रथिन त्या औषधाचे चारपाच मिनिटांत तुकडे करतं आणि माणूस पुन्हा आपणहून श्वास घ्यायला लागतो. प्रथिन नसलं तर औषध तसंच राहतं. बाकी भूल उतरते, पण अंग हलत नाही, पापणी हलत नाही, छाती हलत नाही. कित्येक तास.

जगात हे फार थोड्या लोकांत असतं, पण पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्नं करणाऱ्या आमच्यासारख्या लोकांत पुष्कळ जास्त. शिकत असताना बाईंनी असा एक रुग्ण पाहिला होता, म्हणून त्यांना शंका आली. माझ्या रक्तात ते प्रथिन जवळपास नव्हतंच.

मी तेलुगूत अम्मा-नान्नांना सांगितलं. बाजारातलं उदाहरण दिलं. म्हटलं, औषध म्हणजे मिरचीची गाडी समजा, दारात आडवी उभी राहिली. सगळ्यांच्या दारात हमाल असतात, ते पोती उतरवतात, गाडी जाते, रस्ता मोकळा. आपल्या दारात हमालच नाहीत. गाडी कधीतरी आपोआप हलते, पण तोवर रस्ता बंद. आणि रस्ता म्हणजे श्वास.

नान्ना ऐकत होते. माणूस हुशार होता, त्यांच्या लक्षात माझ्याआधी आलं. त्यांनी खिडकीचा गज धरला.

मी बाईंना विचारलं, "मग तोवर करायचं काय?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "श्वास देत राहायचं. यंत्रानं नाहीतर हातानं. चार-सहा तासांत माणूस उठून बसतो." मग लगेच म्हणाल्या, "तुमच्या गावच्या डॉक्टरांना हे माहीत असणं शक्य नव्हतं. त्या काळी फार थोड्यांना माहीत होतं. त्यांनी हात थकेपर्यंत फुगा दाबला, काका. आणि तुम्हाला त्यांनी सांगितलं तेच तुम्ही मानलंत."

नान्ना वळले नाहीत.

बाई पुढं म्हणाल्या की तुमच्या सगळ्या नातेवाइकांना हे सांगायला हवं. कुणाचंही ऑपरेशन असो, भूल देणाऱ्याला आधी सांगायचं, मग काही धोका नाही. हर्निया करा, मोतीबिंदू करा. मला त्यांनी एक कार्ड लिहून दिलं आणि ते कायम जवळ ठेवायला सांगितलं. नान्ना खिडकीकडे तोंड करूनच पुटपुटले की बाहेर कळलं तर पोरीला कोण करून घेईल.

"कळू द्या," अम्मा म्हणाली. "तुम्ही ताप सांगितला म्हणून ही तशीच आत चालली होती. आता मी सांगणार. प्रत्येक लग्नघरात जाऊन सांगणार." मग कार्ड हातात घेऊन, उलटंपालटं करून मला म्हणाली, "कागद हरवतो. हातावर गोंदून घे." पुढं जत्रेत तिनंच मला गोंदणाऱ्या बाईसमोर बसवलं, डाव्या मनगटाच्या आत त्या औषधाचं नाव आणि पुढं फुली, आजही आहे. आणि लग्नघरांचं म्हणाल तर तिनं शब्द पाळला. अक्षता पडायच्या आधी वरमाईला कोपऱ्यात घेऊन भुलीच्या गोष्टी सांगणारी म्हातारी म्हणून ती तीन जिल्ह्यांत बदनाम झाली. माझं लग्न व्हायचं ते झालंच, आणि नात्याबाहेर झालं.

पण त्या खोलीतलं अजून राहिलंय. डॉक्टर नुसरत जायला उठल्या तेव्हा अम्मानं त्यांचा हात धरला.

"मॅडम, म्हणजे तो जागी होता."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "बहुतेक होता."

"बहुतेक नको."

बाई परत बसल्या. "हो मावशी. तुम्ही सांगता तसं डोळ्यांतून पाणी येत होतं, तर जागा होता. तुमचं खरं होतं."

"ऐकायला येत असतं?"

"येतं."

अम्मानं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर दुःख दिसेल असं मला वाटलं होतं. ते दिसलं नाही. कित्येक वर्षं तिला सगळ्यांनी वेडी ठरवलं होतं, आणि आज कुणीतरी हिशोब तपासून बेरीज बरोबर आहे म्हटलं होतं. ती म्हणाली, "मी त्याच्या कानात बोलत होते. गाडी फिरवली तरी बोलतच होते. भिऊ नको, मी उतरत नाही, मी इथंच आहे. घर येईस्तोवर बोलले. मग त्यानं ऐकलं असंल."

बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि थोड्या वेळानं निघून गेल्या.

खोलीत आम्ही तिघंच राहिलो. नान्ना अजून गज धरून उभे होते. त्यांची पाठ हलत होती. ते का रडताहेत हे मला समजायला एक क्षण लागला. नरसूनं अम्माचं ऐकलं असेल, तर जीपमध्ये जे जे बोललं गेलं ते सगळंच ऐकलं असेल. गेला तो. गाडी फिरवा.

अम्मा उठली. त्यांच्याजवळ गेली. घरात मी कधी तिला त्यांच्या खांद्यावर हात ठेवताना पाहिलं नव्हतं. आमच्यात तसं करत नाहीत.

"तुमचं त्याला ऐकायला गेलं नाही," ती तेलुगूत म्हणाली.

नान्नांनी मान किंचित वळवली.

"एक कान माझ्या मांडीत दबला होता," अम्मा म्हणाली. "दुसऱ्यात मी बोलत होते. मला आठवतंय ना. माझ्याशिवाय त्याला काहीही ऐकायला गेलं नाही."

तोंडावर फुगा धरायचा तर डोकं सरळच ठेवावं लागतं. कान मांडीत दबेल कसा? आणि दोन्ही हातांनी सरळ धरलं होतं, हे तिनंच तर थिएटरच्या दारात सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मला ते आठवलं. नान्नांनाही आठवलं असणार, ते तिथंच उभे होते.

त्यांनी गज सोडला. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "खरं सांगतेस?"

"मी कधी चुकते का?" अम्मा म्हणाली, आणि माझे कपडे पिशवीत भरायला लागली.